गावसभेच्या दिवशीचं आयसिंग

बर्निस टेकडीवर आली ती हुकूम सोडायलाच. दारात बुटांवरचा बर्फ झटकला, 'ये' म्हणायची वाटही न पाहता आत शिरली आणि अंगातला कोट न काढता स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली. लव्हिनाची सख्खी मोठी बहीण, खालच्या गावात राहणारी. पण आई गेल्यापासून तिचं पाऊल या घराला लागायचं ते काही तरी बजावायचं असेल तेव्हाच.

"गावसभेच्या जेवणाचे डोनट या वर्षी तुझ्याकडे आहेत," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. पाळी माझीच आहे."

"साधे नकोत. मेपलचं आयसिंग लावलेले हवेत."

लव्हिनाच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. "आयसिंग? ईस्ट पर्लीत? अगं, आपल्याकडे डोनट गरम पाकात बुचकळून खातात, वर लोणच्यातली आंबट काकडी चावतात. आयसिंग शहरातल्या दुकानात लावतात, शिळा माल झाकायला."

"लोकांची मागणी आहे."

"कुठल्या लोकांची?"

"लोकांची म्हणजे लोकांची. पंच मी आहे, मला कळतं. आणि घरून लावून आणू नकोस, वाटेत चिकटून लगदा होईल. तिथंच सभागृहाच्या तळघरात तळ आणि गरम असतानाच लाव. ताटात पडेल तेव्हा चकाकी दिसली पाहिजे."

"आणि तुझा तो ठराव? तो कधी घेणार?"

"जेवणानंतर. छापील कागद घरोघर आलाय ना? वाच की."

ठराव बर्निसचाच होता. वरच्या टेकडीचा रस्ता गावानं सोडून द्यावा, म्हणजे हिवाळ्यात त्यावरचा बर्फ काढू नये आणि बर्फ वितळल्यावर होणाऱ्या चिखलात खडी टाकू नये, एवढंच त्यात लिहिलेलं. रस्त्याच्या टोकाला घर एकच, लव्हिनाचं, आणि घरामागे मेपलचं रान. झाडांना रस येतो तो ऐन बर्फाच्या आणि चिखलाच्या दिवसांत. तेव्हाच रस्ता बुजला तर ट्रक वर येणार नाही, पाकाचे डबे खाली जाणार नाहीत, आणि बाई पडली-धडली तर कुणी बघायलाही येणार नाही. रस्ता गेला की रान गेलं. साठी उलटलेली, नवरा गेलेला, पोटी मूल नाही, अशा लव्हिनाकडे त्या रानाशिवाय दुसरं होतं काय?

"मला टेकडीवरून उतरवल्याशिवाय तुझा जीव थंड व्हायचा नाही," लव्हिना म्हणाली.

"एका बाईसाठी सगळ्या गावानं जन्मभर बर्फ उपसायचा का?"

"बर्फाचं नाव नको घेऊस! आईनं रान मला दिलं, ते सलतंय तुला. मग तेव्हा डोळे उघडे ठेवायचे होतेस. जिला कढई सांभाळता येत नाही तिला झाडं काय करायचीत? हे मी नाही म्हणत, आई म्हणायची."

बर्निसचा चेहरा पांढराफटक पडला. गावातलं लहान पोरही ही गोष्ट जाणत होतं. बर्निस एकोणीस वर्षांची असताना आईनं तिला साखरघरात, म्हणजे मेपलचा रस आटवून पाक करायच्या खोपटात, रसाच्या मोठ्या कढईपाशी बसवलं होतं. दिवसभर लाकडं वाहून थकलेली पोर, उबेत तिचा डोळा लागला. रस आटला, पाक करपला, कढईचा तळ जळून भोक पडलं, आणि त्या वर्षाचा हंगाम तिथंच संपला. आईनं तिला पुन्हा साखरघराचा उंबरा ओलांडू दिला नाही. वर आल्यागेल्याला, चर्चच्या पायरीवर, लग्नात, मयतीत, जिथं चार माणसं भेटतील तिथं ती ही हकीकत सांगायची. पोरीला मेल्याहून मेल्यासारखं करून सोडलं त्या बाईनं. मरताना रान लिहून दिलं ते धाकटीला.

"आयसिंग गरम पाहिजे," बर्निस दारातून म्हणाली. "विसरू नकोस."

"आणि तू दार लावायला विसरू नकोस," लव्हिना ओरडली. दार उघडंच राहिलं.

गावसभेच्या दिवशी लव्हिना पहाटेच उठली. आता खरं सांगायचं तर तिच्या मनात आलं होतं, की करावेत दगडासारखे डोनट, मोडू देत एकेकाचे दात. पण हात ऐकेनात. बटाटे उकडले, त्यांचं पाणी कोमट झालं तेव्हा त्यात यीस्ट आणि चिमूटभर साखर घातली. फेस चढेपर्यंत बटाटे कुस्करले, त्यात लोणी, अंडी, किसलेलं जायफळ घातलं, आणि मग मैदा. पीठ हाताला चिकटेल एवढं सैलच ठेवायचं. घाबरून वर मैदा घातला की डोनट चिवट होतो. पिठाचा गोळा तिनं लाकडाच्या शेगडीशेजारी झाकून ठेवला, आणि तो फुगेपर्यंत खिडकीशी उभी रस्त्याकडे पाहत राहिली. गावाची बर्फाची गाडी नुकतीच येऊन गेली होती. रस्ता स्वच्छ होता. पुढच्या वर्षी याच खिडकीतून काय दिसणार होतं?

"शेवटचं खाऊन घ्या म्हणावं माझ्या हातचं," ती पिठाला बुक्के मारत म्हणाली. पीठ लाटलं, पत्र्याच्या साच्यानं गोल कापले, मधली भोकं पाडली, फळ्यांवर मांडून वर फडकी टाकली आणि फळ्या ट्रकमध्ये चढवल्या. आयसिंगसाठी तळघरातून गेल्या हंगामातला शेवटचा, काळपट पाक काढला. पहिल्या धारेचा फिका पाक दिसायला सुंदर, पण साखरेत घातला की त्याची चवच हरवते. आयसिंग करायचंच आहे तर नीट करायचं, नाही तर बर्निस म्हणायला मोकळी. रस्त्यावरच्या हादऱ्यांनी फुगलेले डोनट बसू नयेत म्हणून ती अख्खी टेकडी बैलगाडीच्या वेगानं उतरली.

सभागृहाच्या तळघरात एल्व्हा कॉफीच्या मोठ्या किटलीपाशी उभी होती. एल्व्हा टेकडीच्या पलीकडच्या अंगाला राहायची. तिचंही थोडं मेपलचं रान होतं, आणि आज लव्हिनाचा रस्ता गेला तर उद्या आपला, हे तिला पुरतं कळलेलं होतं.

"आयसिंग?" पातेलं पाहून तिनं तोंडावर हात ठेवला. "कोणाचं डोहाळजेवण आहे गं?"

"माझं तेरावं आहे," लव्हिना म्हणाली. "तळणाची चरबी तापव."

वर खुर्च्या सरकत होत्या, बूट वाजत होते, सभा सुरू झाली होती. चरबी तापली, पहिला डोनट सोडला, तो बुडाला आणि हलकेच वर आला. लव्हिना लाकडी काडीनं एकेक उलटत होती, एल्व्हा कागदावर निथळत ठेवत होती. शेजारच्या गॅसवर लहान पातेल्यात लोणी आणि काळा पाक रटरटला. खाली उतरवून लव्हिनानं त्यात पिठीसाखर घोटली आणि पातेलं पुन्हा अगदी मंद आचेवर ठेवलं. हे आयसिंग भारी खोडकर. आचेवर ठेवून ढवळत राहिलं तर रेशमी, पाठ फिरवली तर तळाला लागतं, आणि खाली उतरवलं तर बघता बघता खडीसाखर होतं. म्हणजे एक हात तळणीत, एक पातेल्यात, आणि बाई जागेवर खिळलेली.

किटली वर पोहोचवायला गेलेली एल्व्हा धापा टाकत परत आली.

"लव्ही! अगं लव्ही, तुझा ठराव घेतलाय!"

"जेवणानंतर आहे तो."

"तुझी बहीण उठली आणि म्हणाली, गोठेवाल्यांना धारा काढायला लवकर जायचंय, तर रस्त्याचा ठराव आधी घ्या. कुणी हरकत घेतली नाही. घेणार कोण? हरकत घेणारी इथं खाली डोनट माखत बसलीय!"

लव्हिनाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. साधे डोनट घरून तळून आणले असते, टेबलावर ठेवले असते आणि ती सकाळपासून वर पहिल्या रांगेत बसली असती. म्हणून आयसिंग. म्हणून गरम. म्हणून इथंच. लोकांची मागणी म्हणे!

"सटवी," ती म्हणाली. "सटवी मेली!"

तिनं चरबीखालची आच बंद केली, कारण तापलेल्या चरबीशी कुणी खेळत नाही. मग हात पातेल्याखालच्या बटणाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. एवढं आयसिंगाचं कौतुक आहे ना बाईसाहेबांना?

"जळू दे मेलं," म्हणत ती जिन्याकडे धावली. मागोमाग एल्व्हा.

त्या दोघी दारात पोहोचल्या तेव्हा सभापती हार्लन मत घेत होते. हार्लन ऐंशीचे, गुडघ्यांनी जेरीस आलेले, पण सभेचे नियम त्यांना तोंडपाठ.

"रस्ता सोडून द्यावा असं ज्यांचं मत आहे त्यांनी 'होय' म्हणा."

"होय!" सगळी सभा गरजली. गर्दीत मान खाली घालून ओरडायला काय जातं कुणाचं? लव्हिनानं ज्यांच्या घरी बाळंतपणात पेज पोहोचवली होती ते ओरडले, जे दर वर्षी तिच्याकडून पाकाचा डबा फुकट न्यायचे तेही ओरडले.

"नको म्हणणाऱ्यांनी 'नाही' म्हणा."

"नाही!" लव्हिना आणि एल्व्हा दारातूनच किंचाळल्या. टेकडीवरची मंडळी त्यांना पाहून उशिरानं ओरडली.

हार्लननी हातोडा उचलला. "मला वाटतं, होय—"

"थांबा! अहो हार्लन, मला शंका आहे. मोजणी पाहिजे मला. उभी मोजणी!" लव्हिना ओरडली.

सभेत चुळबुळ झाली. बर्निस पुढच्या रांगेतून वळली. बहिणीच्या कोपरापर्यंत पीठ, कपाळाला साखर; हे पाहून तिच्या ओठाचा कोपरा हलला. "डोनट झाले वाटतं?"

"होतील तुझ्या नावानं," लव्हिना म्हणाली. "आधी चालून दाखवा म्हणावं सगळ्यांना."

उभी मोजणी मागितली की नाही म्हणता येत नाही. होयवाल्यांनी खिडक्यांच्या बाजूला जायचं, नाहीवाल्यांनी समोरच्या भिंतीला. ओरडणं वेगळं आणि शेजारणीच्या डोळ्यांदेखत चार पावलं चालणं वेगळं. लव्हिना मधोमध उभी राहून एकेकाच्या तोंडाकडे पाहत होती. कित्येक जण उठले, खिडकीकडे निघाले, तिची नजर चुकवता चुकवता चाल मंदावली आणि पाय मुकाट भिंतीकडे वळले. दुधाच्या गाडीवाला मर्ल तर दोनदा इकडून तिकडे गेला.

"कुठं तरी टेका, मर्ल," हार्लन म्हणाले. "जत्रा नाही ही."

मर्ल भिंतीला टेकला. तरीही खिडकीकडची गर्दी कमी दिसेना. बर्निस तिथं दाराच्या टोकाला, हाताची घडी घालून, ताठ उभी.

"नीट ऐका," हार्लन म्हणाले. "मोजून होईपर्यंत जागा सोडायची नाही. जो दारातून बाहेर जाईल तो मोजला जाणार नाही, मग तो पंच असो की पाद्री."

लव्हिनाही भिंतीला एल्व्हाशेजारी जाऊन उभी राहिली. हार्लननी आधी भिंतीकडची डोकी मोजली. मग खिडकीकडे वळून लांबच्या टोकापासून सुरुवात केली.  लव्हिनानं मनातल्या मनात केव्हाच मोजलं होतं. एक. फक्त एका माणसानं ती हरत होती.

आणि तेवढ्यात वास आला.

आधी गोड, मग कडवट, मग नाकात झोंबणारा. पाक करपतोय! साखरघरात वाढलेल्या माणसाला या वासापुढे दुसरं काही सुचत नाही. कढईपाशी बसायला लागल्यापासून त्याला एवढंच शिकवलेलं असतं, की हा वास आला की हातातलं टाकून धाव. भिंतीकडचे सगळे टेकडीवाले एकदम हलले. एल्व्हानं तर पाऊल उचललंच.

लव्हिनानं तिचं मनगट धरलं. "कुणी हलायचं नाही," ती मोठ्यानं म्हणाली. "माझं पातेलं आहे. जळू दे."

 मेपलच्या रानाची मालकीण, त्या आईची लेक, भर सभेत म्हणते जळू दे? टेकडीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि जिचं पातेलं तीच हलत नाही म्हटल्यावर तेही जागीच राहिले. हार्लन मोजत मोजत दाराच्या टोकाकडे सरकत होते.

लव्हिना बर्निसकडे पाहत होती. बर्निसच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. हाताची घडी सुटली होती. तिला नियम माहीत होता, मोजणी माहीत होती. आपण एक पाऊल बाहेर टाकलं की काय होईल हेही माहीत होतं. काळपट धूर जिन्यावरून दारात डोकावला. बर्निस पुटपुटली, "अगं, बंद कर ना कुणी तरी..." मग बहिणीकडे पाहून ओरडली, "लव्ही, तळ जळेल!"

लव्हिनानं एल्व्हाचं मनगट सोडलं नाही.

बर्निस धावली. पासष्टीची बाई, जड अंगाची, पण जिना धडाधड उतरल्याचं सगळ्यांनी ऐकलं. खाली पातेलं आपटल्याचा आवाज झाला, नळाचं पाणी सुटलं, मोठ्यानं चुर्र झालं.

हार्लन दाराच्या टोकाला पोहोचले. बर्निसच्या रिकाम्या जागेपाशी थांबले, चष्मा पुसला, पुन्हा घातला. "समसमान," ते म्हणाले. "समसमान म्हणजे ठराव पडला. रस्ता गावाचाच राहील." हातोडा वाजला.

भिंतीकडून आरोळी उठली. एल्व्हानं लव्हिनाला मिठी मारली, मर्लनं टोपी उडवली. कुणी तरी म्हणालं, "लव्हिना, तुझं आयसिंग लागू पडलं बघ!" खिडकीकडचेसुद्धा हसले. लव्हिनाही हसली. जितं मया! रस्ता राहिला, रान राहिलं, आणि तिच्यासाठी खणलेल्या खड्ड्यात खणणारीच जाऊन पडली. आनंद झाला तिला, झालाच. खोटं कशाला बोला?

मग बर्निस वर आली. हातात फडक्यात धरलेलं काळंठिक्कर पातेलं, उजव्या हाताची बोटं भाजून लाल झालेली, केस धुरानं विस्कटलेले. तिनं हार्लनकडे पाहिलं, भिंतीकडच्या आनंदाकडे पाहिलं, आणि तिला समजलं. ती भांडेल, नियमावर बोट ठेवेल, म्हणून सगळे थांबले होते. ती सरळ लव्हिनापाशी आली.

"तळ वाचलाय," ती म्हणाली. "घासलास तर निघेल."

"तू मला खाली अडकवलंस," लव्हिना म्हणाली. "आयसिंग म्हणे! लाज नाही वाटली?"

"नाही वाटली. पुन्हा संधी मिळाली तर पुन्हा अडकवीन." बर्निसनं पातेलं तिच्या पिठाळ हातात दिलं.  "पण बटण तू चालू ठेवलंस. वास आल्यावरही उभी राहिलीस. आई असती ना इथं आज, तर तिला विचारलं असतं मी, की आता सांग, तुझी कुठली लेक धावली?"

लव्हिना पातेल्याच्या काळ्या तळाकडे पाहत राहिली. 

बर्निसनं खुंटीवरचा कोट डाव्या हातानं काढला, भाजलेला हात बाहीत जाईना म्हणून तो तसाच खांद्यावर टाकला आणि ती निघून गेली. दार तिनं नीट लावलं.

जेवायला डोनट साधेच वाढले. लोकांनी ते पाकात बुडवून खाल्ले, वर काकडी चावली, आणि असे डोनट कधी झाले नव्हते म्हणून लव्हिनाची पाठ थोपटली. तिला एकही गेला नाही.

दुपारी ती ट्रकनं घरी निघाली. बर्फ काढलेला रस्ता वरपर्यंत मोकळा होता. शेजारच्या सीटवर पातेलं होतं. तिनं दोन्ही खिडक्या उघडल्या, थंडीनं कान बधिर झाले, तरी तो वास जाईना. घरी आल्यावर तिनं पातेलं राखेनं घासलं, मग वाळूनं घासलं, मग तारेनं. तळ खरंच वाचला होता. बर्निस वेळेवर पोहोचली होती.